सातबाऱ्यात ‘दुरुस्त करा’ हे बटण का नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा, पण वाचा.

आमच्या काटेवाडीत चहाच्या टपरीवर राजकारणाच्या खालोखाल सध्या कुठला विषय चालत असेल तर तो ‘ऑनलाइन’चा. सातबारा ऑनलाइन, पीक पाहणी ऑनलाइन, आता सोसायटीचंही कॉम्प्युटरवर येतंय. आणि प्रत्येक चर्चा येऊन थांबते ती एकाच वाक्यावर. “एवढी साधी सोय का देत नाहीत राव? एक बटण तर टाकायचंय!”

पत्रकारितेचा डिप्लोमा करून या भागात बातमीदारी करायला लागलो त्याला आता वीसेक वर्षं होतील. तालुक्याच्या कचेऱ्यांमध्ये हे वाक्य हजारदा ऐकलं. बहुतेक वेळा त्याचं उत्तर एकच मिळतं, “सिस्टीममध्ये नाही.” हे ‘सिस्टीममध्ये नाही’ म्हणजे नक्की काय? विसरले म्हणून नाही, जमत नाही म्हणून नाही, की कुणाला नको आहे म्हणून नाही? या तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कळल्याशिवाय भांडण योग्य दारात जात नाही.

घरचंच उदाहरण घेतो. आमचे चुलते, आप्पा. सातबाऱ्यावर त्यांच्या मधल्या नावात ‘बाबू’चं ‘बापू’ झालंय. एका अक्षराची चूक. हस्तलिखित उताऱ्यावरून कॉम्प्युटरवर नोंदी घेताना कधीतरी झाली असणार. आधारवर बाबू, सातबाऱ्यावर बापू. शेतकरी ओळखपत्र काढायला गेले तर नाव जुळेना. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बघतात, मान्य करतात की चूक आहे, पण सांगतात, “मला इथून बदलता येत नाही. १५५चा अर्ज करा.”

म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५५. लेखनप्रमादाची दुरुस्ती. अर्ज, जुना उतारा, फेरफाराची नक्कल, तहसीलदारांचा आदेश, मग त्या आदेशाचा फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्यांकडून तो प्रमाणित. एका अक्षरासाठी. आप्पांचं म्हणणं सोपं आहे. “समोर स्क्रीनवर दिसतंय, त्यांनाही पटतंय, मग ‘प’ खोडून ‘ब’ करायला काय धाड भरलीय?”

तांत्रिकदृष्ट्या आप्पा बरोबर आहेत. डेटाबेसमधलं एक नाव बदलणं हा कॉम्प्युटरसाठी एका ओळीचा हुकूम आहे. ई-फेरफारची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने पुण्यात बनवली. त्या लोकांना एक बटण जोडता येत नसेल असं समजायचं कारण नाही. बटण मुद्दाम ठेवलेलं नाही.

का नाही, हे त्याच सातबाऱ्यावर चार ओळी खाली दिसतं. तिथे आमच्या आत्याचं नाव आहे.

आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, त्यात वडील आणि आप्पांबरोबर आत्याचंही नाव लागलं. ती इंदापूर तालुक्यात दिली. वर्षातून दोन-तीनदा येते, पालखीला तर हमखास. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं ना, ते बघायला. सातबारा काही ती बघत नाही. आणि आमच्या घरातही “आता हक्कसोड घेऊन टाका” हे वाक्य एक-दोनदा झालेलं आहे. कुणाच्या घरात होत नाही सांगा? आत्यानं अजून सही केलेली नाही. तो तिचा निर्णय.

आता कल्पना करा, तलाठ्याच्या लॉगिनला ‘दुरुस्त करा’ असं बटण आहे. त्या बटणाने ‘बापू’चं ‘बाबू’ होईल. आणि त्याच बटणाने आत्याचं नावही जाईल, कारण मशीनला ही दुरुस्ती आणि ती खाडाखोड यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी ‘बदल’. माझं प्रामाणिक मत विचाराल तर असं बटण गावोगाव दिलं असतं तर पहिल्या वर्षात ‘दुरुस्त’ झाली असती ती बहिणींची नावं. आधीच अनेक उताऱ्यांवर त्यांना कब्जेदाराच्या ओळीत न घेता ‘इतर हक्कात’ ढकललेलं असतं. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. पण कायदा कितीही चांगला असला तरी गावात तो कागदावरच्या एका ओळीतूनच पोचतो. ती ओळ पुसणं सोपं झालं की कायदाच पुसला.

हस्तलिखित काळात हे होत होतंच. बातमीच्या निमित्ताने मी असे जुने उतारे पाहिलेत की ज्यात एका नावाला केलेल्या कंसाची शाई वेगळी, फेरफार क्रमांक कोंबून लिहिलेला आणि तो फेरफार शोधायला गेलं तर वहीचं पानच फाटलेलं. त्या काळी ‘बटण’ होतं. ते पेनाच्या टोकाला होतं.

म्हणून आताच्या व्यवस्थेत नोंद बदलायची तर रस्ता एकच, फेरफार. तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंधितांना नमुना ९ची नोटीस काढायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. ज्या कुलपामुळे आप्पांचं अक्षर अडलंय त्याच कुलपामुळे आत्याचं नाव टिकलंय. एकाला किल्ली दिली की दुसऱ्याचं दार उघडतं.

हे फक्त आपल्या सरकारी सॉफ्टवेअरचं आहे असं समजू नका. जगात डेटाबेस बनवणारे मोठमोठे लोकही गिऱ्हाईक मागतंय ती सोय नाकारतात. पोस्टग्रेसक्यूएल नावाचा एक फुकट मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्याची मुळं १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहेत. वापरणारे अनेक वर्षं एक सोय मागतायत. माहिती शोधताना डेटाबेस स्वतः रस्ता ठरवतो, त्याऐवजी ‘या रस्त्याने जा’ असं आम्हाला सांगू द्या. याला ते ‘हिंट’ म्हणतात. दुसऱ्या नावाजलेल्या डेटाबेसमध्ये ही सोय आहे. पोस्टग्रेसवाल्यांनी मात्र ती तशी द्यायला कायम नकार दिलाय. त्यांचं म्हणणं, आज तुम्ही रस्ता ठरवून द्याल, उद्या माहिती दहापट होईल, नवीन आवृत्ती येईल, तरी तुमचा हुकूम जुन्याच रस्त्याने पळवत राहील. शिवाय आमचा रस्ता चुकतोय हे तुम्ही आम्हाला सांगायचंच बंद कराल.

आपल्याकडे पालखी महामार्ग झाला. आता कुणी ड्रायव्हरला दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून इंदापूरला जुन्या रस्त्यानेच न्यायला लावलं तर कसं व्हायचं? तसंच ते. पटो न पटो, नकारामागे विचार आहे आणि तो त्यांनी उघड मांडलाय. हा झाला नकाराचा पहिला प्रकार. सोय दिली तर जी हमी देतोय तीच मोडते.

दुसरा प्रकार, सोय हवी सगळ्यांना, पण तिचा खर्च परवडत नाही. याचंही उदाहरण सातबाऱ्यावरच आहे. गटाचं एकूण क्षेत्र समजा २ हेक्टर ४० आर. त्यातल्या सगळ्या खातेदारांची क्षेत्रं मिळून २ हेक्टर ४० आरच भरली पाहिजेत. चौथीतलं पोरगं सांगेल. तरी बेरीज जुळत नाही असे उतारे निघतात आणि लोक विचारतात, कॉम्प्युटरला बेरीज येत नाही का?

गंमत म्हणजे ‘अमुक गोष्ट नेहमी जुळलीच पाहिजे, नाही जुळली तर नोंदच घेऊ नको’ असा कितीही तक्त्यांना मिळून एकच नियम लावण्याची सोय डेटाबेसच्या भाषेच्या, म्हणजे एसक्यूएलच्या, १९९२च्या प्रमाण नियमावलीत लिहून ठेवलेली आहे. तिला ‘असर्शन’ म्हणतात. कागदावर आली, पण पुढची कितीतरी वर्षं बड्या कंपन्यांनी ती दिली नाही. कारण असा नियम सर्वसाधारण रीतीने पाळायचा तर प्रत्येक छोट्या नोंदीला कुठं कुठं काय तपासायचं हे मशीनला ठरवावं लागतं. त्यात एकाच वेळी शेकडो लोक नोंदी करत असतील तर एकाला लिहू देताना बाकीच्यांना थांबवावं लागतं. रांग वाढते, मशीन गुदमरते. मग कंपनी म्हणते, तुमचा नियम तुम्हीच प्रोग्रॅममध्ये लिहून घ्या.

एका गटाच्या बेरजेचा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिता येतो, अवघड नाही. पण जुनी अडचण तिथेही आहेच. पहिल्या दिवसापासून तो कडक लावला असता तर बेरीज न जुळणारा जुना हस्तलिखित उतारा कॉम्प्युटरमध्ये घेताच आला नसता. चूक मुळात वहीतली. ती आत घ्यायची, मग विसंगतीचे अहवाल काढायचे आणि एकेक निस्तरायची, हाच मार्ग उरतो. रटाळ आहे, पण यात कुणाची लबाडी नाही.

लबाडीच्या जवळ जाणारा एक किस्सा मात्र सांगतोच. मायएसक्यूएल हा दुसरा प्रसिद्ध डेटाबेस, जगातल्या असंख्य वेबसाइट यावर चालतात. त्यात ‘वय शून्यापेक्षा जास्त हवं’ असा साधा तपासणीचा नियम लिहिला तर तो निमूटपणे स्वीकारायचा. चूक दाखवायचा नाही. आणि पाळायचाही नाही! २०१९ मध्ये ८.०.१६ ही आवृत्ती आली तेव्हापासून तो नियम खरोखर पाळू लागला. आपल्याकडे अर्ज घेऊन पोच देतात आणि अर्ज कपाटात जातो ना, अगदी तसं. सोय नाही असं तोंडावर सांगणारा परवडला. आहे असं दाखवून न देणारा जास्त धोक्याचा.

आता तिसरा प्रकार. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सोय देता येते, महागही नाही, पण जो पैसे मोजतो त्यालाच ती नको असते.

बारामतीच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात जा, हिशेब टॅलीवर. १९८६ मध्ये सुरू झालेली बेंगळुरूची ही कंपनी, देशभरातल्या व्यापाऱ्यांची लाडकी. लाडकी का? चालवायला सोपी आणि मागची नोंद बदलायला मोकळी. मार्चमध्ये बसून जुलैचं व्हाउचर सुधारता यायचं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवायची सोय जुन्या टॅलीतही होती, पण ती चालू करायची की नाही हे मालकाच्या हातात. आता सांगा, किती मालक स्वतःहून चालू करतील? ती सोय कुणाला हवी होती? ऑडिटरला, बँकेला, करखात्याला, भागीदाराला. पण सॉफ्टवेअर विकत घेणारा यातला कुणीच नव्हता.

मग कायदा आला. कंपन्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारंच हवं आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम २०२१ मध्ये अधिसूचित झाला. दोनदा पुढे ढकलला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. टॅलीने त्यासाठी ‘एडिट लॉग’वाली वेगळी आवृत्ती काढली, ज्यात ही नोंद बंद करताच येत नाही. जी गोष्ट वर्षानुवर्षं ऐच्छिक होती ती सक्तीची होऊ शकली. तंत्रज्ञान तेच, प्रोग्रॅमर तेच. मागणारा बदलला. गिऱ्हाइकाच्या जागी कायदा उभा राहिला. (नियम कंपन्यांना आहे. एकट्या मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारी पेढीला नाही.)

यात कंपनीला शिव्या घालण्यासारखं काही नाही. विकणारा खरेदीदाराचं ऐकणारच. आपण विसरतो ते एवढंच, की सॉफ्टवेअर ज्याच्या नशिबाचे निर्णय करतं तो आणि त्याची खरेदी करणारा हे दोन वेगळे लोक असतात. ई-फेरफारचं गिऱ्हाईक महसूल खातं, आप्पा आणि आत्या नाहीत. ऊस नोंदीच्या सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक कारखाना, सभासद नाही. म्हणून लागणीच्या तारखेप्रमाणे आपल्या पुढे कितीजण आहेत हे घरबसल्या दिसायला हवं असं सभासदाला वाटत असेल, तर चिटबॉयशी भांडून उपयोग नाही. ते संचालक मंडळाकडून ठरावाने मागावं लागतं. बनवणारा बनवून देईल.

चौथी एक गोष्ट आहे, ती कुठलंच सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. गटात माझे वीस गुंठे नेमके कुठे, बांध कुठून जातो, हे सातबाऱ्यावर दिसावं असं सगळ्यांना वाटतं. पण सातबारा महसूलचा, नकाशा भूमी अभिलेखचा, आणि ज्या गटात पोटहिश्श्याची मोजणीच झालेली नाही तिथे ती रेष कुणाच्याच कागदावर नाही. जे वहीत नव्हतं ते कॉम्प्युटरमध्ये कुठून येणार? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद ही मालकीची पक्की हमीच नाही. संहितेचं कलम १५७ एवढंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये टोरेन्स पद्धत आणली, तिथे नोंदवहीतल्या मालकीची हमी सरकार घेतं. आपल्याकडे ती सोय कायद्यातच नाही, तर ॲपमध्ये कशी असेल?

मग आपण करायचं काय? ‘सिस्टीममध्ये नाही’ ऐकून घरी यायचं?

नाही. मागायचं, पण नेमकं मागायचं. याचं चांगलं उदाहरण ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवायला सुरुवात केली. चुकीचं पीक निवडलं गेलं, फोटो भलताच गेला, तर काय, अशी ओरड झाली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत स्वतःची नोंद स्वतः दुरुस्त करायची सोय आली. कायम नाही, ४८ तासच. कारण पुढे तीच नोंद पीकविम्याला, कर्जाला, हमीभावाच्या खरेदीला धरतात. बाजार बघून सोयाबीनचा मका करता यायला लागला तर त्या नोंदीला अर्थ काय राहिला?

म्हणजे सोय ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ एवढाच प्रश्न नसतो. कुणाला द्यायची, किती वेळासाठी, आणि मागे काय खूण ठेवायची, हे ठरवता येतं. आप्पांच्या अक्षरासाठी माझी मागणी तलाठ्याला बटण द्या अशी नाही. माझी मागणी आहे की १५५च्या अर्जाला मुदत असावी, तो कुणाच्या टेबलावर किती दिवस पडलाय हे अर्जदाराला दिसावं, आणि नुसत्या अक्षराच्या चुका क्षेत्राच्या आणि हिश्श्याच्या वादांपासून वेगळ्या रांगेत घ्याव्यात. कुलूप राहू द्या. किल्लीवाल्याने वेळेवर यावं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण आपल्या सोसायट्या. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था कॉम्प्युटरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. नाबार्डमार्फत सगळीकडे एकच सॉफ्टवेअर. तुमची-माझी विकास सोसायटी त्यातलीच. पीककर्ज, खत, भागभांडवल, सगळं त्यात जाणार. एकदा सवयी पडल्या की मग वीस वर्षं ‘सिस्टीममध्ये नाही’ ऐकावं लागेल.

म्हणून सप्टेंबरअखेरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत नाश्त्याच्या आधी हात वर करा आणि सचिवांना तीन प्रश्न विचारा. माझ्या कर्जखात्यावर नोंद पडली की मला मेसेज येणार का? मागच्या तारखेची नोंद कोण बदलू शकतं, आणि बदलली तर आधी काय होतं ते राहतं का? आणि ते मला, साध्या सभासदाला, बघायला मिळतं का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर ‘का नाही’ तेही लिहून घ्या. आणि तोवर आपला सातबारा काढा, इतर हक्कांसकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, ‘आपली चावडी’वर आपल्या गटाचा काही फेरफार चालू आहे का तेही बघा. बहीण, आत्या दुसऱ्या गावी असेल तर तिलाही दाखवा. तिचं नाव त्यात असेल तर ते कुठल्या रकान्यात आहे हे तिला माहीत असायला हवं.